कधीच नापास न झालेली कॉइल

"सोळा हजार," यंत्रं दुरुस्त करणाऱ्या उस्ताद नुमानने जाहीर केलं. "कॉइल ठणठणीत आहे, अबू फव्वाज. खोट यंत्रात नाही, चालवणाऱ्यात आहे."

नावा पाण्यात सोडायच्या उतारावर जमलेली सगळी माणसं एकदम हायलकडे वळली. हायल पाण्याच्या कडेला हाताची घडी घालून उभा होता आणि जबडा इतका घट्ट आवळून होता की दात दुखत असावेत.

त्याची धाकटी बहीण शुरूक मात्र भावाकडे पाहत नव्हती. ती मीटरकडे पाहत होती. सोळा हजार ओहम हा आकडा तिने स्वतः वाचला होता. पण त्याच्या आधी तिथे बावीस होता, मग एकोणीस, मग सतरा. नुमानने चिमूट घट्ट केली तसा तो सोळावर आला, आणि त्याच क्षणी नुमानने मीटर बंद केला. इंजिनला ठिणगी देणारी तांब्याच्या तारेची गुंडाळी चिमटीला घाबरून रोध कमी करते, असं शुरूकने अजून कुठल्याही पुस्तकात वाचलेलं नव्हतं.

"ऐकलंत ना सगळ्यांनी?" अबू फव्वाज म्हणाला. त्या किनाऱ्यावरच्या पाच जेट स्की त्याच्या होत्या, आणि आवाजही पाच माणसांचा होता. "पेट्रोल होतं. प्लग चांगले. कॉइल चांगली. मग इंजिन का थांबलं? या पोराने पाहुण्यांसमोर कसरती केल्या, यंत्र उलटवलं आणि चुकीच्या बाजूने सरळ करून आत समुद्र भरला."

"इंजिन आधी बंद पडलं," हायल म्हणाला. "लाटेने उलटलं ते नंतर. आणि मी त्याच्या मागे काढलेल्या बाणाच्या दिशेनेच सरळ केलं."

"कोणी पाहिलं?"

काल दुपारी हायल अम्मानहून आलेल्या एका माणसाला आणि त्याच्या लहान मुलाला मागे बसवून गेला होता. बोयांच्या रांगेपलीकडे इंजिन थांबलं. अकाबाचा वारा उत्तरेकडून येतो आणि जे बंद पडेल ते नांगरलेल्या मालवाहू जहाजांकडे ढकलत नेतो. मासेमारीची एक नाव येईपर्यंत हायलने त्या दोघांना यंत्राच्या पाठीवर धरून ठेवलं होतं. बापलेक रात्रीच अम्मानला परतले. त्यांनी आभार मानले होते. साक्ष द्यायला ते थांबले नव्हते.

"उद्या दुपारी असरच्या नमाजानंतर सगळे नाववाले माझ्या दिवाणखान्यात येतील," अबू फव्वाज म्हणाला. "तिथे ठरवू. माझं म्हणणं आत्ताच सांगून ठेवतो. हा मुलगा या किनाऱ्यावर पुन्हा माणसं घेऊन पाण्यात जाणार नाही. माझ्याकडे नाही आणि कोणाकडेच नाही."

हायलने पाच उन्हाळे एकाच गोष्टीची वाट पाहिली होती: किनाऱ्यावरच्या बचाव पथकात शिरण्याची. पथक नाववाल्यांच्या शब्दावर माणूस घेतं, आणि पाहुण्यांना समुद्रात टाकणाऱ्यासाठी शब्द टाकणारा कोण मिळणार होता?

नुमानने कॉइल बाजूला ठेवली, वाळूची मूठ घेऊन हात घासले आणि उतारावर येणाऱ्या लाटेत खळखळून धुतले. या किनाऱ्यावर ग्रीस असंच काढतात. गोड्या पाण्याचा नळ वर, रस्त्याच्या कडेला आहे. हात न पुसताच त्याने पुढच्या यंत्राचं झाकण उघडलं.

शुरूकने त्याच्या ओल्या बोटांकडे जरा जास्तच वेळ पाहिलं.

"काय बघतेस गं?" अबू फव्वाजचा मुलगा सत्ताम तिच्या समोर आडवा आला. तो तिच्याहून एका वर्षाने मोठा होता आणि हे विसरू देत नसे. "भावाला घेऊन जा घरी. त्याला रडायला खांदा लागेल."

"त्याचा खांदा त्याच्याकडे आहे," शुरूक म्हणाली. "कालच दोन माणसं धरून बसली होती त्याला."

---

घराच्या गच्चीवर पाण्याच्या टाकीची सावली पडते, तेवढ्याच तुकड्यात शुरूक आणि तिचा आतेभाऊ दिरार बसले होते. दोघांमध्ये एक पिवळा मीटर होता. तो शाळेच्या विज्ञान मंडळाचा. शुरूकने सुट्टीपुरता मागून आणला होता.

"आधी दोन्ही सुया एकमेकींना टेकव," ती म्हणाली.

"शून्य," दिरार म्हणाला.

"म्हणजे मीटर शुद्धीवर आहे. आता लांब कर."

"एक. म्हणजे एक ओहम?"

"नाही. डाव्या कडेला एकटा एक दिसला की मीटरने हात टेकले असं समजायचं. रोध इतका मोठा आहे की त्याला मोजता येत नाही. मध्ये नुसती हवा असली तरी हेच, आणि कॉइलच्या आतली तार तुटलेली असली तरी हेच. आता दोन्ही हातांच्या चिमटीत एकेक सुई धर."

"झटका बसेल."

"इतक्याशा बॅटरीने बसत नाही. आणि बसलाच तर मी तुझ्या आईला सांगेन की विज्ञानासाठी गेलास."

दिरारने सुया धरल्या. आकडा सात लाखांच्या आसपास उड्या मारू लागला. शुरूकने समुद्रातून भरून आणलेला डबा पुढे सरकवला. "आता बोटं यात बुडव. पुसू नकोस. घट्ट धर."

तिने मीटरचं बटण खालच्या पट्ट्यावर फिरवलं. आकडा धडाधड खाली आला. तेवीस हजार. एकोणीस. दिरारने दात आवळून चिमूट दाबली तेव्हा पंधरा.

"या यंत्राच्या कॉइलला चौदा ते अठरा हजार लागतात," शुरूक म्हणाली. "अभिनंदन. तू ठणठणीत कॉइल आहेस."

"हे माझ्या आईला सांग. ती म्हणते मी कशाच्याच कामाचा नाही." मग त्याचे डोळे मोठे झाले. "थांब. म्हणजे नुमान कॉइल मोजत नव्हता. तो स्वतःला मोजत होता."

"तो तारेचं टोक आणि सुई एकाच चिमटीत धरतो, दोन्ही हातांनी. हात खाऱ्या पाण्याने ओले. तार आतून तुटलेली असली तर वीज त्याच्या अंगातून जाते आणि मीटर आकडा दाखवतो. म्हणून तो आकडा हलत होता."

"सापडलं तर मग. हायल सुटला."

"नाही," शुरूक म्हणाली. "एवढंच कळलं की नुमानच्या चाचणीतून काहीच कळत नाही. कॉइल मेलेली असू शकते, किंवा खरंच चांगली असू शकते."

दिरारने तिच्याकडे नाराजीने पाहिलं. "तुझ्याबरोबर आनंद करणं फार कठीण आहे."

---

कॉइल मोजायची तर ती हातात यायला हवी होती. दुपारी उतारावर सत्ताम एकटाच बसला होता, एका हातात चहा, दुसऱ्यात पाण्याची नळी. ती कॉइल त्याच्या मागच्या फळीवर पडलेली दिसत होती. तिच्या दोन जाड काळ्या तारा कडेवरून खाली लोंबत होत्या.

"एकदाच मोजू दे," शुरूक म्हणाली. "तुझ्यासमोर. बाहेर नेत नाही."

"उस्ताद नुमानने मोजली आहे."

"पुन्हा मोजली तर बिघडणार नाही."

"तुला काय वाटतं, तू त्याच्यापेक्षा शहाणी? तो माझ्या जन्माआधीपासून कॉइल तपासतो. त्याच्या हातून आजवर एकही कॉइल नापास झालेली नाही."

शुरूक थबकली. "एकही?"

"एकही," सत्ताम छाती काढून म्हणाला. "आमची यंत्रंच तशी आहेत. माझ्या बापाने जन्मात नवी कॉइल विकत घेतलेली नाही."

"आणि तुमची यंत्रं पाण्यात किती वेळा बंद पडली?"

"ती चालवणाऱ्यांची चूक."

"प्रत्येक वेळी?"

"प्रत्येक वेळी. गेल्या उन्हाळ्यात दोघांना हाकललं, त्याआधी एकाला. आता चौथा."

दिरार हळूच पुटपुटला, "आमच्या शाळेत सगळ्यांना पास करणारे एक मास्तर होते. त्यांच्या वर्गातल्या कोणालाच गुणाकार येत नसे."

सत्तामने चहा खाली ठेवला. तो उठला, शुरूकच्या हातातला मीटर त्याने हिसकावला आणि काही समजायच्या आत धक्क्याच्या कडेवरून पाण्यात भिरकावला. पिवळा ठिपका एकदा चमकला आणि खाली गेला.

"आता मोज," तो म्हणाला. "मासे मोज. आणि पुन्हा इथे दिसलात तर तुमच्यावर नळी नाही, कुत्रा सोडेन."

"तुमच्याकडे कुत्रा नाही," दिरार म्हणाला.

"आणेन."

परतताना शुरूक भराभर चालत होती. शाळेला काय सांगायचं हा प्रश्न तिच्या मनात होताच, पण तो दुसऱ्या क्रमांकावर होता. पहिल्या क्रमांकावर होतं ते वाक्य: एकही नापास नाही. जी परीक्षा कोणालाच नापास करू शकत नाही, तिला परीक्षा म्हणायचं तरी कशाला? अशा परीक्षेने तीन माणसांना पाण्यापासून तोडलं होतं, आणि त्या तिघांनाही बहुधा स्वतःचंच काहीतरी चुकलं असं वाटत राहिलं असेल.

---

रात्रीच्या जेवणात सय्यादिया होता. आजोबा मिथकाल यांनी मासा आणि भात अर्धा संपेपर्यंत कोणाला बोलू दिलं नाही. मग ते म्हणाले, "उद्या मी येतो. कॉफी आली की कप न पिता पुढ्यात ठेवीन आणि हायलसाठी माफी मागेन. अबू फव्वाजला ती द्यावी लागेल. आपल्या दिवाणखान्यातून पाहुणा कॉफी न पिता उठून गेला, ही गोष्ट त्याला परवडणार नाही."

"माफी मागितली की मी ते केलं असं होतं," हायल म्हणाला.

"पण किनाऱ्यावर राहशील."

"छत्र्या उघडायला. माफी मिळालेल्या माणसाच्या मागे कोणी आपलं मूल बसवत नाही, आजोबा. पथक तर नाहीच."

"मग दुसरं काहीतरी मागू या," शुरूक म्हणाली, आणि तिने ओल्या बोटांची गोष्ट सांगितली. सांगून झाल्यावर घरात कोणी कौतुक केलं नाही. हायल तिच्याकडे वाकून पाहत राहिला.

"कप एकदाच ठेवता येतो," तो म्हणाला. "चाचणी मागितली तर माफी गेली. बरोबर?"

"बरोबर."

"आणि कोरड्या हातांनीही कॉइल चांगलीच निघाली तर?"

"तर चांगली निघेल."

"तर माझा कायमचा निकाल लागेल. तुझ्या हाताने."

"हो."

"तुला नक्की माहीत आहे का, ती मेलेली आहे म्हणून?"

खोटं बोलायला ती वेळ सोयीची होती. "नाही," शुरूक म्हणाली. "इंजिन आपोआप थांबलं असं तू म्हणतोस. तू खरं बोलतोस असं मी धरून चालले आहे. तेवढा एकच पुरावा माझ्याकडे आहे."

हायल उठला, दारापर्यंत गेला आणि परत आला. "मी खरं बोलतोय," तो रागाने म्हणाला. "मग घाबरायचं कशाला? माग चाचणी."

आजोबांनी हात धुतले. "मला तुझा तो रोध कळत नाही," ते शुरूकला म्हणाले. "त्यामुळे मी कप ठेवला तर मला माफीच मागता येईल. चाचणी हवी असेल तर कप तुला ठेवावा लागेल. मी शेजारी बसेन. बोलणार नाही."

---

दिवाणखान्यात भिंतीलगतच्या गाद्यांवर किनाऱ्यावरचे सगळे नाववाले बसले होते. मध्यभागी निखाऱ्यांवर कॉफीची किटली होती, शेजारी कॉफी कुटायचं लाकडी उखळ आणि हातभर लांब मुसळ. अबू फव्वाजच्या गुडघ्यापाशी तबकात कॉइल ठेवली होती. नुमान दाराजवळ मीटर मांडीवर घेऊन बसला होता.

आजोबांच्या मागोमाग शुरूक आत शिरली तशी कुजबुज झाली. तिच्या मागे दिरार झाकणाचा डबा सांभाळत आला.

"डब्यात काय रे?" शेजारच्या किनाऱ्याचे मालक अबू मिश्आल यांनी विचारलं. ते म्हातारे होते आणि त्यांचं अबू फव्वाजशी वर्षानुवर्षं पटत नव्हतं. "जेवण आणलंस? या घरात आणावंच लागतं म्हणा."

"समुद्र आहे, अम्मो. थोडासाच."

घरचा धाकटा मुलगा म्हणून कॉफी सत्ताम वाढत होता. आजोबांना देऊन तो शुरूकसमोर आला. किटली डाव्या हातात, कप उजव्या हातात, आणि चेहरा असा की त्यात कॉफीऐवजी रॉकेल ओतावं. शुरूकने कप घेतला आणि ओठांना न लावता गालिच्यावर आपल्यासमोर ठेवला.

सगळ्यांच्या नजरा त्या कपावर आल्या. 

"कॉफी कडू लागली का, मुली?" अबू फव्वाजने विचारलं. हसू फक्त दातांपर्यंत होतं.

"अजून चाखली नाही, अम्मो. काही मागायचं आहे."

"तुझे आजोबा बसले आहेत. त्यांना तोंड आहे."

"मी माझं तोंड तिला दिलं आहे," आजोबा म्हणाले, आणि त्या दिवशी ते तेवढंच बोलले.

अबू फव्वाजने सभोवार पाहिलं. सगळे त्याच्याकडे पाहत होते, अबू मिश्आल तर पुढे झुकून. तो मनात हिशेब करत होता हे शुरूकला दिसत होतं. मुलगी भावासाठी माफी मागणार. माफी म्हणजे कबुली. महाग नव्हतं.

"पी कॉफी," तो म्हणाला. "मागायला आलीस ते मिळालं."

"मिळाल्यावर पिईन," शुरूक म्हणाली. "माफी नको. उस्ताद नुमानने ती कॉइल पुन्हा मोजावी. इथे, सगळ्यांसमोर, स्वतःच्या मीटरने. हात गोड्या पाण्याने धुऊन, पुसून कोरडे करून. आणि सुया बोटांनी धरायच्या नाहीत, चिमट्यांनी लावायच्या."

"हा काय चावटपणा?" अबू फव्वाज अर्धवट उठला. "माझ्या घरात माझ्या उस्तादाची परीक्षा?"

"मिळालं म्हणालास तू," अबू मिश्आल शांतपणे म्हणाले. "मी म्हातारा आहे, बहिरा नाही."

नुमानचा चेहरा लाल झाला होता. "मोजतो," तो गुरगुरला. "शंभरदा मोजतो. आकडा तोच येणार."

त्याने हात धुतले, पुसले. मीटरचे चिमटे त्याने कॉइलच्या दोन्ही तारांच्या टोकांना लावले आणि बटण फिरवलं. दाराशी भिंतीला टेकून उभ्या असलेल्या हायलकडे शुरूकने पाहिलं नाही. पाहिलं असतं तर तिला डोळे मिटावे लागले असते.

मीटरच्या डाव्या कडेला एकटा एक उभा राहिला.

"एक आला," अबू फव्वाज म्हणाला. "आकडा आला ना? मग झालं."

"तो आकडा नाही, अम्मो," दिरार म्हणाला. "त्याने हात टेकले."

नुमानने चिमटे काढले, तारांची टोकं खरवडली, पुन्हा लावली. एक. सुया एकमेकींना टेकवून पाहिल्या: शून्य. पुन्हा तारांना: एक. कपाळावर घाम आला तसा तो म्हणाला, "चिमटे नीट बसत नाहीत. मी नेहमी हाताने धरतो. काल हाताने सोळा आले होते. सगळ्यांनी पाहिलं."

"पाहिलं," शुरूक म्हणाली. "आता काल धरले तसेच धरा. दिरार, डबा."

दिरारने झाकण काढलं. नुमानने समुद्राच्या पाण्यात बोटं बुडवली, तारांची टोकं आणि सुया चिमटीत पकडल्या. वीस. अठरा. सोळा.

"बघा," अबू फव्वाज गरजला. "बघा. सोळा."

"आता कॉइल खाली ठेवा, उस्ताद," शुरूक म्हणाली, "आणि तेवढ्याच ओल्या हातांनी ते मुसळ मोजा."

"काय?"

"कॉफीचं मुसळ. एक सुई या टोकाला, एक त्या टोकाला. बोटांनी दाबून."

कोणीतरी हसलं आणि खोकल्यात लपवलं. नुमानने मुसळ मांडीवर आडवं घेतलं. त्याची नजर आता शुरूकवर नव्हती, मीटरवर होती, आणि त्या नजरेत पहिल्यांदाच शंका होती. त्याने दोन्ही टोकांवर सुया दाबल्या.

सतरा.

मग अबू मिश्आल हसू लागले, असे की त्यांना गादीचा आधार घ्यावा लागला. "ठणठणीत मुसळ आहे, अबू फव्वाज," ते म्हणाले. "बसव जेट स्कीला. तुझ्या बाकीच्या यंत्रांत तरी दुसरं काय आहे?"

"हसू नका," अबू फव्वाज ओरडला. "कॉइल मेली असेल. आजच मेली असेल. त्यावरून पोराने यंत्र बुडवलं नाही असं कसं सिद्ध होतं?"

हा प्रश्न वाजवी होता, आणि शुरूकने तो अपेक्षिलाही होता. "होत नाही," ती म्हणाली. "पण तुम्हीच म्हणाला होता, बाकी सगळं चांगलं, म्हणून हायल दोषी. आता बाकी सगळं चांगलं राहिलेलं नाही. उस्ताद, काल प्लग काढले तेव्हा आत पाणी होतं?"

नुमान मालकाकडे पाहत राहिला. मग त्याने मुसळाकडे पाहिलं.

"थेंबही नव्हतं," तो म्हणाला. "मला वाटलं, वाळलं असेल."

"एका रात्रीत? झाकण बंद असताना?" अबू मिश्आल काठीवर रेलत उठले. "चला खाली. माझ्या यंत्राची कॉइल देतो. बसवा आणि बघा. बोलून घसे कशाला सुकवायचे?"

सगळी बैठक उतारावर आली. नुमानने अबू मिश्आल यांची कॉइल बसवली, प्लग जोडले, यंत्र पाण्यात ढकललं. तो बसणार तोच अबू मिश्आल म्हणाले, "तू नको. ज्याच्यावर आळ आहे त्याला बसू दे."

हायल पँट न दुमडताच पाण्यात शिरला. त्याने बटण दाबलं. इंजिन एकदा खाकरलं आणि सुरू झालं. गुळगुळीत, न अडखळता. आतून पाण्याचा एक लोट मागे उसळला आणि धक्क्यावर उभ्या असलेल्या सत्तामला नखशिखांत भिजवून गेला. ते मुद्दाम झालं की कसं, याचा पुरावा उपलब्ध नाही.

हायल बोयांच्या रांगेपर्यंत गेला, वळला आणि परत आला. 

"बंद पडलं नाही," अबू मिश्आल म्हणाले. मग अबू फव्वाजकडे वळून, हसू पूर्ण पुसलेल्या आवाजात: "पाण्यात एक लहान मूल होतं. तू मरायला टेकलेली कॉइल लावून त्याला जहाजांच्या दिशेने पाठवलंस, आणि ज्याने त्याला धरून ठेवलं त्यालाच हाकलायला निघालास. बचाव पथकाला मी सांगेन या मुलाबद्दल. आणि तू आधी हाकललेल्या तिघांबद्दलही बोलू. आज नाही, आज तुझी कॉफी प्यायलो आहे."

अबू फव्वाजने हायलची माफी मागितली नाही. त्याने फक्त मान फिरवली आणि सत्तामवर खेकसला, "उभा काय आहेस? टॉवेल घे."

"टॉवेल घेण्याआधी त्याला एक काम आहे," शुरूक म्हणाली. "आमच्या शाळेचा मीटर या धक्क्याखाली आहे. पिवळा. त्याने टाकला."

नाववाल्यांच्या माना सत्तामकडे वळल्या. बापाची मान सर्वांत शेवटी, सर्वांत सावकाश वळली. सत्ताम ओलाच होता. कपडे भिजण्याचा प्रश्न नव्हता. त्याने उडी मारली. बराच वेळ तो वर येत, श्वास घेत, पुन्हा खाली जात राहिला. शेवटी त्याने मीटर वर आणला. त्यातून पाणी गळत होतं आणि एक बारीक खेकडा बाहेर पडला.

"चालतो का?" दिरारने विचारलं.

शुरूकने बटण फिरवलं. "नाही."

नुमान पुढे आला. आपल्या मीटरच्या तारा गुंडाळून त्याने तो तिच्या हातात दिला. "शाळेला हा दे," तो म्हणाला. "सत्तामचा बाप मला नवा घेऊन देईल." मग आवाज खाली आणून, जवळजवळ रागानेच: "त्या आधीच्या तिघांच्या कॉइली अजून त्यांच्याच यंत्रांत आहेत, आणि ती यंत्रं अजून अधूनमधून बंद पडतात. उद्या सकाळी चिमटे घेऊन ये."

"हात कोरडे ठेवून या," शुरूक म्हणाली.

परत दिवाणखान्यात आली तेव्हा तिचा कप गालिच्यावर तसाच होता. सत्तामच्या केसांतून पाणी टपकत होतं. त्याने किटली उचलली. "ती थंड झाली," तो तिच्याकडे न पाहता म्हणाला. "दुसरी ओततो."

"नको. हीच."

थंड कॉफी भयंकर कडू होती. शुरूकने ती शेवटच्या थेंबापर्यंत संपवली, आता पुरे या अर्थाने कप दोन बोटांत धरून हलवला आणि सत्तामच्या ओल्या हातात परत दिला. आजोबांनी आपली गादी थोडी सरकवली आणि मघापासून दाराशी उभ्या असलेल्या हायलला, सगळ्या नाववाल्यांच्या रांगेत, शेजारी बसायला जागा करून दिली.